अडण्याची जागा

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. आमच्या देगलूरकडच्या माणसाला दुखणे जरा मोठे निघाले की हैदराबाद आठवते. मुंबई-पुणे नकाशात आपले. पण सकाळी संगारेड्डीच्या रस्त्याची बस धरली की दिवस कलायच्या आत हैदराबाद गाठता येते, आणि तिथे कोणाचा ना कोणाचा भाऊ, मेहुणा, साडू राहतच असतो. माझा धाकटा भाऊ तारनाक्याला राहतो.

तार आणि नाका हे दोन्ही शब्द आपलेच वाटतात. पूर्वी इथे तारेचे कुंपण आणि नाका होता, म्हणून हे नाव पडले असे जुने लोक सांगतात. एका अंगाला उस्मानिया विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर, दुसऱ्या अंगाला लालागुड्याची रेल्वे वसाहत आणि २०१७ पासून डोक्यावरून धावणारी मेट्रो. भावाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मराठी, तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषा दिवसभर एकमेकींच्या पायात पाय घालून फिरत असतात. आपल्या सीमाभागातल्या वाचकांना त्याचे नवल वाटायचे कारण नाही.

ऑपरेशन झाले आणि भावजयीने माझी पुस्तके कपाटात घालून कुलूप लावले. "आठ दिवस वाचायचं नाही, भाऊजी. डॉक्टरांनी सांगितलंय." मला वाटते, डॉक्टरांनी 'फार वाचू नका' एवढेच सांगितले होते, बाकीचे तिने आपल्या पदरचे घातले. तीस वर्षे वाचणे आणि वाचून दाखवणे हाच ज्याचा धंदा, त्याने काळा चष्मा लावून खुर्चीत नुसते बसून राहायचे! पण वाचणे बंद झाले की आपल्याला कान आहेत हे माणसाच्या ध्यानात येते. त्या आठ दिवसांत मी जे ऐकले, त्याविषयी हे चार शब्द लिहितो आहे.

पुतणी तेरा वर्षांची आहे आणि पियानो शिकते. आधी तिच्याकडे ६१ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड होता. दोन वर्षांपूर्वी भावाने हप्त्यांवर ८८ पट्ट्यांचा विजेवर चालणारा पियानो घेतला. तो दिवाणखान्यात देवघराच्या शेजारी ठेवलेला आहे. रोज सकाळी चहा झाला की पोरगी त्याच्यापुढे बसायची आणि एकच धून वाजवायची. ती धून आपण सर्वांनी ऐकलेली असते, खेळण्यांतून, घड्याळांतून, फोनच्या घंटीतून. बेथोव्हेनची ही छोटी रचना, नाव 'फ्यूर एलीझे', म्हणजे 'एलीझेसाठी'. त्याने ती १८१० मध्ये लिहिली आणि ती छापली गेली थेट १८६७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ४० वर्षांनी. आज ती इतकी घरोघरी पोचली आहे की तैवानमध्ये कचऱ्याच्या गाड्या ती वाजवीत गल्लीत येतात.

पहिल्या दिवशी मला कौतुक वाटले. दुसऱ्या दिवशीही वाटले. तिसऱ्या दिवशी मात्र मास्तराचा कान जागा झाला. पोरगी सुरुवात सुरेख करायची. डावा हात तीन स्वर चढवून उजव्याच्या हाती द्यायचा, उजवा ते पुढे न्यायचा. मग एका ठिकाणी गाडी अडायची. बोटे गोंधळायची, दोन-चार स्वर एकमेकांवर आदळायचे, क्षणभर शांतता, आणि पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी मी मोजले. एका बैठकीत तिने ती रचना सतरा वेळा सुरू केली. शेवटापर्यंत एकदाही गेली नाही.

"बेटा, पुढचं का वाजवत नाहीस?" मी विचारले.

"पुढचं येत नाही ना, मोठेकाका. म्हणून तर परत सुरू करते."

"मग जे येत नाही तेच आधी का करत नाहीस?"

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "माझं बोट दुखतंय," आणि उठून आत गेली. असे दुखणारे बोट मी शाळेत पुष्कळ पाहिले आहे. गणिताच्या तासाला पोट दुखते, इंग्रजीच्या तासाला डोके. ते खोटे नसते. फक्त दुखण्याची जागा वेगळी असते.

रात्री भावाशी बोलताना उलगडा झाला. त्यांच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात मुलांचे कार्यक्रम असतात. मागच्या वर्षी कोणाच्या तरी मुलाने ही धून अर्धी वाजवली आणि टाळ्या घेतल्या. या वर्षी आपली पोरगी ती पूर्ण वाजवणार, असे भावाने चार लोकांत सांगून ठेवले होते. पुस्तक त्यानेच मागवले होते. शिकवणाऱ्या बाईंनी 'अभी नहीं' म्हटले होते. पण पोरगी पियानोची तिसरी ग्रेड उत्तीर्ण झालेली, तेव्हा आता मोठे काही घ्यायला हरकत कसली, असा त्याचा हिशेब होता.

या ग्रेडांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या भागात त्यांची ओळख कमी. लंडनच्या दोन संस्था, ट्रिनिटी कॉलेज (स्थापना १८७२) आणि असोसिएटेड बोर्ड (१८८९), जगभर संगीताच्या परीक्षा घेतात. पहिलीपासून आठवीपर्यंत ग्रेड असतात. आपल्याकडे गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेत प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी शिडी असते, तसेच हे. शिडी उपयोगाची खरीच. पण कोणत्या फळीवरची पुस्तके चाळून पाहावीत एवढेच ती सांगते. त्या फळीवरचे नेमके कोणते पुस्तक या मुलाच्या हाताला आज बसेल, ते काही सांगत नाही.

शनिवारी मी पुतणीबरोबर बाईंच्या घरी गेलो. घर लालागुड्याकडच्या एका गल्लीत, बैठे, पुढे कण्हेर. बाई सत्तरी ओलांडलेल्या, रेल्वेतल्या कुटुंबातल्या. इंग्रजी आणि आपली दखनी या दोन्ही भाषांत सारख्याच सहज बोलणाऱ्या. भिंतीशी जुना उभा पियानो; त्याच्या पांढऱ्या पट्ट्या दातांसारख्या पिवळ्या पडलेल्या. मी काळा चष्मा सावरीत माझी तक्रार मांडली, "मॅडम, बच्ची एकीच जगह पे अटकती."

बाई हसल्या. "किधर अटकती, मालूम है ना? हौ, तो आधा काम हो गया, सर."

मग त्यांनी 'फ्यूर एलीझे'चे पान उघडले आणि पुतणीला विचारले, "इसमें सबसे काला किधर है?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग ध्यानात आले. पाश्चात्त्य स्वरलिपीत स्वर जितके वेगाचे तितक्या त्यांच्या शेंड्या एकमेकींना जाड रेघांनी बांधलेल्या असतात. वेग वाढला की रेघा वाढतात आणि कागद काळा दिसू लागतो. पुतणीने बोट ठेवले. पहिली धून संपून दुसरा भाग सुरू होतो तिथली ती जागा. उजव्या हाताची बोटे आतापर्यंतच्या दुप्पट वेगाने धावू लागतात आणि डाव्याला मात्र आपले संथ काम न चुकता चालू ठेवावे लागते. घरी रोज अडत होती ती हीच जागा. आणखी पुढे एक भाग असा येतो की डावा हात खाली एकच स्वर सारखा ठोकत राहतो आणि वर उजव्याने एकाच वेळी अनेक पट्ट्या दाबायच्या. तिथवर ती अजून पोचलीच नव्हती.

"पहले ये बजाओ," बाई म्हणाल्या. "शुरू से नक्को. यहीं से. जितना धीरे बजाना है, बजाओ."

पुतणीने वाजवले. मुंगीच्या चालीने दोनदा वाजवल्यावर ते बरोबर आले. बाईंनी बोटाने पियानोच्या लाकडावर तो वेग टकटक करून दाखवला. "ये तुम्हारा स्पीड. अब पूरा पीस इसी स्पीड में बजाओ."

त्या वेगात ती सुंदर सुरुवात ऐकवेना. पोरगीही हसली, मीही हसलो. पण मुद्दा दोघांच्याही गळी उतरला. जी जागा सर्वांत अवघड, तिथे आपल्याला जो वेग झेपतो तोच आजच्या घडीला त्या रचनेचा आपला खरा वेग. सुरुवातीचा वेग ही उसनवारी असते, आणि ती फेडण्याची वेळ मधल्या पानावर येते.

त्या दिवशी तासभर बाईंनी पुतणीला, आणि अर्थात मलाही, रचना पारखायला शिकवले. त्यांचे म्हणणे माझ्या शब्दांत सांगतो, कारण ते पियानोपुरते नाही.

पहिली पारख ही काळ्या जागेची. दुसरी मोजणीची. रचना हातात पेन्सिल घेऊन अगदी संथपणे, आधी एकेका हाताने आणि मग दोन्ही हातांनी, एकदा शेवटपर्यंत न्यायची. जिथे थांबावे लागेल तिथे छोटी खूण करायची आणि पुढे जायचे; मागे फिरायचे नाही. दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्याला ते लोक 'बार' म्हणतात. आमच्या देगलुरात त्या शब्दाचा अर्थ निराळा होत असल्याने मी त्याला 'घर' म्हणतो. एका ओळीत चार-पाच घरे असतात. ओळीत एखादी खूण पडली तर रचना आपल्या बेताची. घराघरात खुणा पडल्या तर पुस्तक मिटून ठेवावे. एकही खूण पडली नाही तर ती रचना आनंदासाठी वाजवावी. पण तिच्यातून नवे काही हाती लागेल अशी आशा धरू नये.

तिसरी पारख नव्या गोष्टींची. या रचनेत आपण पूर्वी कधीच न केलेले काय काय आहे? नवी लय आहे, की डाव्या हाताच्या लांब उड्या, की पायाने दाबायचे पेडल? एखादी गोष्ट नवी असली तर शिकता येते. चार नव्या गोष्टी एकदम आल्या तर चुकल्यावर नेमके काय चुकले हेच कळत नाही, आणि जे कळत नाही ते दुरुस्त कसे करणार?

चौथी शरीराची. पियानोवर एका 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंत आठ पांढऱ्या पट्ट्या धरायला हात सुमारे साडेसोळा सेंटिमीटर ताणावा लागतो. तेरा वर्षांच्या हाताला ते कधी जमते, कधी नाही. मनगट आवळले, खांदे कानांकडे चढले किंवा दुखू लागले, तर तिथे जिद्द कामाची नाही. हात मोठा व्हायची वाट पाहावी.

पाचवी आठ दिवसांची. आठ दिवस रोज वाजवून पाहावे. अडण्याची जागा पुढे सरकली किंवा दुसरीच झाली, तर काम चालू आहे. त्याच जागी, त्याच तऱ्हेने अडत राहिलो, तर आपण ती रचना शिकत नसून अडणे पाठ करतो आहोत.

"मगर दिखने पे मत जाओ," शेवटी बाई म्हणाल्या आणि त्यांनी एक दुसरे पान काढले. ते अगदी मोकळे, पांढरे. तो मोझार्टचा एक सोनाटा होता. १७८८ मध्ये खुद्द त्याने आपल्या यादीत तो नवशिक्यांसाठी म्हणून नोंदवला आहे. स्वर थोडे, जागा मोकळी. पण त्या मोकळ्या जागेत एक बोट जरी वेडेवाकडे पडले तरी ते शेजारच्या खोलीत ऐकू जाते. काळ्या पानाची भीती निदान समोर दिसते. पांढऱ्या पानाची वाजवायला बसल्यावरच कळते.

परतताना रिक्षात मी गप्प होतो. मला माझी पेटी आठवत होती.

मी सातवीत असताना वडिलांनी मला पेटीच्या शिकवणीला घातले. वडील निजामाच्या राजवटीत शाळेत शिकलेले. घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि वरच्या वर्गात उर्दू, अशी त्यांची कसरत. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमात सुरू झाले तेव्हा त्यासाठी इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणणारी एक स्वतंत्र भाषांतरशाळा आधीच उभारलेली होती. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग. पण मराठी, तेलुगू, कानडी घरांतल्या पोरांना ती भाषाही चढच होती. वडील तो चढ चढून कारकून झाले होते. त्यामुळे चढ म्हणजे चांगलाच, असा त्यांचा पक्का विश्वास होता.

शाळेच्या स्नेहसंमेलनात मी 'संगीत मानापमान'मधले एक पद वाजवावे असे त्यांनी ठरवले. १९११ सालच्या त्या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि टेंबे स्वतः पेटीचे बादशहा. मला तोवर धड चार अलंकार येत होते. पहिली ओळ वाजली. दुसऱ्या ओळीतल्या तानेशी भात्याचा हात थांबला. पेटीचा श्वास सुटला की जो एक लांब, केविलवाणा सूर निघतो तो निघाला, आणि सभागृह हसले. त्यानंतर मी आजवर लोकांपुढे शाळेच्या प्रार्थनेशिवाय काही वाजवलेले नाही. वडिलांना मी दोष देत नाही. मोठे पद दिले म्हणजे पोरगा मोठा होईल, असे त्यांना मनापासून वाटले होते.

पण हे सगळे ठाऊक असून मी पुढे काय केले? इथे मला स्वतःविषयी सांगणे भाग आहे.

वीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यातल्या शाळेत मराठी शिकवीत होतो. आठवीत तेलुगू घरातला एक मुलगा होता. गणितात वाघ, बोलायला लाजाळू. त्याचे मराठी साधे, बाजारातले, पण खणखणीत. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी मी त्याला निवडले. सीमेवरच्या मुलाने शुद्ध मराठीत बोलून दाखवले की शाळेचे नाव होईल, असा माझा विचार. भाषण मीच लिहिले. एम.ए.ला जे जे शिकलो होतो ते ते त्यात घातले. 'अंतःकरण', 'किंकर्तव्यमूढ', 'दैदीप्यमान'. त्याने महिनाभर पाठ केले. रोज तिसऱ्या परिच्छेदाशी अडायचा आणि मी रोज म्हणायचो, "पुन्हा पहिल्यापासून."

स्पर्धेच्या दिवशी तो तिसऱ्या परिच्छेदाशी अडला. व्यासपीठावर उभा राहिला, खाली पाहिले, तेलुगूत काहीतरी पुटपुटला. पोरे हसली. तो उतरला आणि थेट बसस्टँडवर गेला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "आता कामाला जातो."

आज त्याचे आमच्या रस्त्यावर टायर-पंक्चरचे दुकान आहे. चांगले चालते. मी गेलो की उठून उभा राहतो, स्टूल पुसून देतो, हवा भरल्याचे पैसे घेत नाही. पण इतक्या वर्षांत तो माझ्याशी मराठीत बोललेला नाही. हिंदीत बोलतो. "बैठो सर, चाय मंगाऊँ?" इतर गिऱ्हाइकांशी मी त्याला मराठीत बोलताना ऐकले आहे. ते आजही खणखणीतच आहे.

बालमानसशास्त्राच्या पेपरात आम्ही लिहीत असू की मुलाला आजवर जे येते त्याच्या एकच पायरी पुढचे काम द्यावे, आधार द्यावा आणि मग आधार काढून घ्यावा. लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचा तो सिद्धान्त. मला त्या उत्तराला चांगले गुणही मिळाले होते. पण त्या मुलाची पायरी कोणती, हे मी एकदाही पाहिले नाही. मी शाळेच्या नावाची पायरी पाहिली.

त्या रात्री मी भावाला हे सारे सांगितले. तो ऐकून घेऊन म्हणाला, "दादा, तू हे आता सांगतोस. मी अकरावीत असताना तूच म्हणाला होतास, अवघड तेच घ्यायचं, सोपं कोणीही करतं."

मी म्हटले होते. नाही कसे म्हणू?

"आपल्याला लहानपणी काही मिळालं नाही," तो पुढे म्हणाला. "तिला सगळं आणून दिलंय. अजून चार वर्षांनी ती कॉलेजात जाईल, मग कधी वाजवणार? मला घाई होते रे."

त्यात फुशारकीपेक्षा भीतीच जास्त होती. अवघड रचना पोराच्या हाती देणारे बहुतेक आईबाप आणि मास्तर मला आता असेच दिसतात. मुलगी आज कुठे आहे ते त्यांना दिसत नाही, कारण आपले कुठे राहून गेले तेच त्यांच्या डोळ्यांपुढे असते.

मी त्याला एवढेच म्हणालो, "तू ठरवू नकोस, मीही ठरवत नाही. बाईंनी तिला पारखायला शिकवलंय. तिला ठरवू दे."

दुसऱ्या दिवशी पोरगी तीन पुस्तके आणि पेन्सिल घेऊन बसली. 'फ्यूर एलीझे'च्या मधल्या भागात तिने स्वतःच्या हाताने इतक्या खुणा केल्या की शेवटी म्हणाली, "मोठेकाका, हे तर गोवर आल्यासारखं दिसतंय." मग तिने बाखच्या घरातल्या एका वहीतला मिन्युएट काढला. बाखची दुसरी पत्नी आना माग्डालेना हिच्यासाठी १७२५ मध्ये सुरू केलेली ती वही. त्यातली ही ३२ घरांची छोटी नृत्यधून जगभर बाखची म्हणून वाजवली गेली. १९७०च्या दशकात कळले की ती ड्रेस्डेनचा वादक क्रिस्तियान पेट्झोल्ड याची आहे. नाव बदलले म्हणून धून काही उतरली नाही. तिने ती संथपणे शेवटपर्यंत नेली. पाच खुणा पडल्या, पाचही वेगवेगळ्या जागी.

"ही घेते," ती म्हणाली. "आणि एलीझे?"

"फेकून द्यायची का?"

"नाही. फक्त काळी जागा रोज पाच मिनिटं. बाकीचं नाही वाजवणार." थोडे थांबून तिने विचारले, "बाबांना वाईट वाटेल?"

वाटले. भाऊ पहिल्यांदा मिन्युएट ऐकून "एवढंच?" म्हणाला. ते अगदी आमच्या वडिलांच्या आवाजात होते. पण दोन दिवसांनी सकाळी दाढी करताना तो ती धून गुणगुणत होता, हे मी न्हाणीघराच्या दाराबाहेरून ऐकले आहे.

जूनमध्ये शाळा उघडली. आमच्या शाळेत दरवर्षी पाचवीला तेलुगू आणि कानडी घरांतली मुले येतात. त्यांना आम्ही पहिल्या आठवड्यात पाचवीचे मराठीचे पुस्तक देतो आणि म्हणतो, वाचा. या वर्षी मी ग्रंथालयातली छोटी-मोठी तीसेक पुस्तके टेबलावर मांडली. मुलाने पुस्तक मधोमध उघडायचे आणि पान वाचायचे. जो शब्द कळला नाही त्याला एक बोट मिटायचे. एक-दोन बोटे मिटली तर पुस्तक घरी न्यायचे. पान संपायच्या आत मूठ मिटली तर ते पुस्तक एका वेगळ्या फळीवर ठेवायचे. त्या फळीवर मी चिठ्ठी लावली आहे : 'नंतरसाठी'. 'अवघड' हा शब्द मुद्दाम टाळला. दिवाळीपर्यंत त्या फळीवरची काही पुस्तके मुलांनी आपणहून उतरवून नेली. एकीने आपले जुने पुस्तक परत करताना सांगितले, "सर, यात आता एकच बोट."

यात माझे नवे काही नाही. पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी आपल्या संगीत-पुस्तकांना नावच 'क्रमिक पुस्तक मालिका' दिले आणि तिचे सहा भाग केले. तिकडे हंगेरीच्या बेला बार्टोकने १९२६ ते १९३९ या काळात पियानोच्या १५३ रचना सोप्याकडून अवघडाकडे अशा सहाच भागांत लावल्या, आणि पहिले दोन भाग आपल्या मुलाला, पेटरला, अर्पण केले. एवढ्या मोठ्या विद्वानांना पहिल्या पायरीसाठी वेळ काढावासा वाटला. आपल्यालाच ती पायरी ओलांडायची घाई असते.

मीही माळ्यावरची पेटी काढली. भात्याला दोन भोके पडली होती. ती दुरुस्त करून घेतली. 'मानापमान'च्या वाटेला गेलो नाही. रोज अलंकार वाजवतो आणि एक साधी आरती. पंक्चरच्या दुकानावरूनही जातो. परवा त्याची मुलगी तिथे अभ्यास करीत बसली होती. मराठीचे पुस्तक होते. मी म्हणालो, वाचून दाखव. ती एका शब्दाशी अडली. मी काही सांगण्यापूर्वी बापाने हातातला पाना खाली ठेवला आणि तिला म्हणाला, "सोड तो. पुढचं वाच, मग कळेल." तो मराठीत बोलला, तिच्याशी. मी हवा भरून घेतली आणि निघालो.

गणेशोत्सवात पुतणीने मिन्युएट वाजवला. भावाने फोनवर ऐकवला. टाळ्या बेताच्या पडल्या. मागच्या वर्षीच्या मुलाइतक्या पडल्या नाहीत, असे भावजय म्हणाली. पोरगी मात्र शेवटापर्यंत गेली होती.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. "मोठेकाका, ऐका," असे म्हणून तिने फोन पियानोवर ठेवला. 'फ्यूर एलीझे' सुरू झाले, पूर्वीपेक्षा पुष्कळ संथ. मी काळ्या जागेची वाट पाहत होतो. ती आली आणि तशीच संथपणे निघून गेली. पहिली धून पुन्हा आली. मग डाव्या हाताने खालचा स्वर ठोकायला सुरुवात केली आणि तिथे चौथ्या की पाचव्या घरात पोरगी थांबली.

"इथे अडते आता," तिकडून आवाज आला.

या वेळी ती वेगळ्या जागी अडली होती. मी म्हणालो, "छान. तिथे पेन्सिलीनं खूण कर."